जहाजाचा सुपूर्दनामा

वर्ध्याच्या कोर्टात आंतरराष्ट्रीय कायद्याला कुत्रं विचारत नाही. इथे वाटणीपत्र लागतं, जामीन लागतो, प्रतिज्ञापत्र लागतं आणि मे महिन्यात पंख्याखालची खुर्ची लागते. एलएलएमला मी हा विषय घेतला तो निव्वळ हौसेपोटी. पास झाले, पुस्तकं बोरगाव मेघेच्या घरी माळ्यावर चढवली आणि त्यानंतर इतकी वर्षं लोकांच्या शेताच्या बांधाची, धुऱ्याची भांडणं लढले. म्हणून एका दुपारी रूपरावजी माझ्या टेबलासमोर येऊन बसले आणि म्हणाले, "बाई, केस टाकाची हाये. देशावर. एका नाई, चार देशावर," तेव्हा मी आधी त्यांना पाणी दिलं. ऊन लागलं असेल असं वाटलं.

ऊन लागलं नव्हतं. पाणी पिऊन त्यांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं.

रूपराव चाफले आमच्या गावचे माजी पोलीस पाटील. गाव सेलूपासून आत, बोर धरणाच्या कालव्याच्या कडेला. अंगात कायम इस्त्रीचा पांढरा सदरा आणि खिशाला दोन पेन, एक स्वतःच्या सहीचं, एक दुसऱ्याला सहीला द्यायचं. माझा बाप चिंधू त्यांच्या शेतात मजुरीला जायचा. बौद्धपुऱ्यातल्या माणसाला पंच म्हणून बोलावून, खुर्ची देऊन, पंचनाम्यावर सही घेणारा हा गावातला पहिला पाटील, असं माझा बाप सांगायचा. खरंखोटं मी तपासलेलं नाही. पण ते सांगताना बापाची मान ताठ व्हायची, म्हणून मी रूपरावजींना काकाजी म्हणते आणि ते मला नुसतं 'बाई' म्हणतात.

बायको जयवंताकाकू आधीच गेल्या होत्या. मुलगी वर्षाली आष्टीला दिलेली. घरात हे एकटे. आणि मुलगा मुकेश एका परक्या बंदराबाहेर, नांगर टाकलेल्या जहाजावर, त्यांच्याहून एकटा.

हे कसं झालं ते सांगायचं तर आधी सुपूर्दनामा म्हणजे काय ते सांगावं लागेल. पोलिसांनी एखादी वस्तू जप्त केली की ती ठेवायला ठाण्यात जागा नसते. मग गावातला भरवशाचा माणूस बघतात, वस्तू त्याच्या ताब्यात देतात आणि 'कोर्ट मागेल तेव्हा जशीच्या तशी हजर करीन' असं त्याच्याकडून लिहून घेतात. रूपरावजींच्या अंगणाने असं बरंच काही पाहिलं. वाळूचा ट्रॅक्टर पाहिला, चोरीच्या शेळ्या पाहिल्या, दोन भावांच्या भांडणातला एक बैल तर जवळजवळ वर्षभर सांभाळला. त्याला स्वतःच्या गोठ्यातलं कुटार घातलं, पोळ्याला त्याची शिंगं रंगवली, आणि कोर्टाने बोलावलं तेव्हा वर्ध्याला चालवत नेऊन हजर केला. बैल इतका भरला होता की मालकाला ओळखू येईना.

हे ओझं आहे असं त्यांना कधी वाटलंच नाही. सरकार आज ना उद्या आपली वस्तू न्यायला येतंच, हा त्यांचा पक्का समज. आणि ज्याच्यावर सुपूर्दनामा झाला तो माणूस इमानदार, हे गावाने सरकारी शिक्क्यानिशी मान्य केलेलं असायचं.

मुकेश सेलूला आयटीआय करून डिझेल मेकॅनिक झाला आणि मुंबईच्या एका एजंटमार्फत जहाजावर इंजिनाचं तेलपाणी बघायला लागला. ज्या जहाजावर तो अडकला त्याचा कारभारच न्यारा होता. झेंडा एका बेटाच्या देशाचा. त्या बेटाला जहाज कधी शिवलंही नव्हतं. मालकाची कंपनी दुसऱ्या देशातली, जहाजाचं कामकाज बघणारं ऑफिस तिसऱ्या देशात, आणि जिथे ते अडकलं ते बंदर चौथ्याचं. देशांची नावं मी लिहीत नाही. चौघांनीही माझ्या पत्रांना अत्यंत सभ्य उत्तरं दिली आहेत आणि त्या सभ्यतेचा अनुभव मला पुन्हा घ्यायचा नाही.

बंदराला लागताना जहाज धक्क्यावर आदळलं, धक्का फुटला आणि तिथल्या कोर्टाने जहाज अडकवून ठेवलं. कप्तानाच्या छातीत दुखायला लागलं. तो दवाखान्यात गेला आणि तिथून परस्पर आपल्या देशी. कोर्टाला जहाज ताब्यात द्यायला एक नाव हवं होतं. कोर्टाचा माणूस कागद घेऊन जहाजावर चढला तेव्हा उरलेले खलाशी एकमेकांकडे बघत उभे राहिले. मुकेशला इंग्रजी जरा बरं येत होतं आणि मोठ्या माणसाने हाक मारली की पुढे व्हायची सवय होती. तो पुढे झाला, आणि सही करण्याआधी त्याने बापाला फोन लावला.

"बाबा, इथलं कोर्ट जहाजाचा सुपूर्दनामा करून राह्यलं. माह्यावर करतो म्हनते. करू का?"

त्याच्याकडे त्या कागदासाठी दुसरा शब्दच नव्हता. रूपरावजी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यांनी एक शेंगसुद्धा खाली ठेवली नाही.

"कर," ते म्हणाले. "भरवशाच्या मानसावरच करते कोर्ट."

पोराने सही केली.

दुसऱ्या कुणाच्या बापाने विचारलं असतं, किती दिवसांसाठी, कोणत्या अटीवर, तिथे वकील कोण आहे. ही चूक आमच्या गावच्या पोलीस पाटलानेच करावी. त्या दिवशी ते गावभर सांगत फिरले की कोर्टाने आख्खं जहाज आपल्या मुकेशच्या ताब्यात दिलं. नत्थूजीच्या पानठेल्यावर लोक त्यांना 'जहाजवाले पाटील' म्हणायला लागले आणि ते त्यांना मनापासून आवडलं. थट्टा होती ती, पण मायेची होती.

मग इतर खलाशी एकेक करून घरी गेले. मुकेशला जाता येईना. जहाज विकलं जाईपर्यंत किंवा दुसरा कोणी ताबा घेईपर्यंत, ज्याच्या नावावर ताबा आहे त्याने जहाज सोडायचं नाही, असा तिथला नियम. त्याचा पासपोर्ट कोर्टात. मालकाने फोन बंद करून टाकला. धक्क्यावरची जागा दुसऱ्या जहाजांना हवी होती म्हणून हे जहाज ओढून समुद्रात उभं केलं. डिझेल संपलं तसे दिवे गेले. पाणी आणि खाणं होडीतून यायचं, होडीवाल्याला आठवण राहिली तर. अधूनमधून किनाऱ्यावर जायची परवानगी मिळायची, तेवढ्यात एका दुकानात तो फोन चार्ज करून घ्यायचा.

त्याने हे बापाला फार उशिरा सांगितलं. "बाबा, माह्या जागी दुसरा मानूस आल्याबिगर मले उतरता येत नाई," एवढंच. रूपरावजींना आधी कळलंच नाही. जप्तीचा माल सोडून सरकार निघून जातं, हे त्यांच्या डोक्यात बसेना.

कळलं तेव्हा त्यांनी पानठेल्यावर बसणं सोडलं. लोक सहज विचारायचे, "का पाटील, का म्हनते जहाज?" मग ते दुसऱ्या गल्लीतून जायला लागले. वर्षाली म्हणाली, आष्टीला येऊन राहा. तेही नाही. मुकेशचा फोन घरी असतानाच यायला हवा, असं काहीतरी त्यांनी मनाशी धरलं होतं. मोबाईल आष्टीलाही वाजतो, हे मी त्यांना सांगून पाहिलं.

सुरुवातीला बापलेक भरपूर बोलायचे. पाऊस किती, कापूस किती फुटला, कोणाच्या घरी लग्न. पण एका जागी उभ्या असलेल्या माणसाकडे रोज नवीन काय असणार, आणि एकट्या म्हाताऱ्याकडे तरी काय. बोलणं आटत गेलं. मग मुकेश म्हणायचा, "बाबा, काई बोलू नका. फोन तसाच ओट्यावर ठेवून द्या." रूपरावजी फोन ओट्यावर ठेवायचे आणि बाजूला बसून राहायचे. भाजीवाल्याचा ऑटो ओरडत जायचा, कोंबड्या फिरायच्या, शेजारची नलू पोरांवर खेकसायची. तिकडे पोरगा ते ऐकत असायचा. कधी बॅटरी संपली ते यांना कळायचंही नाही. फोन केव्हाचा बंद झालेला असायचा आणि हे तसेच गप्प बसलेले. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी फाईल शोधायच्या निमित्ताने टेबलाखाली वाकले.

तर असे ते माझ्याकडे आले होते. पोरगा परत हवा होता, आणि त्याच्याइतकंच त्यांना एक नाव हवं होतं.

"पंचनाम्यात शेवटी नाव येते, बाई. कोनाचं ना कोनाचं येतेच. याच्यात कोनाचं येते ते सांगा मले."

माळ्यावरची पुस्तकं मी खाली उतरवली. झुरळांनी त्यांचा माझ्यापेक्षा जास्त अभ्यास केला होता. रोज कोर्टातून आल्यावर मी पत्रं लिहायला बसू लागले. झेंड्याच्या देशाने कळवलं की प्रकरण बंदराच्या देशातल्या कोर्टापुढे असल्याने आम्हाला हस्तक्षेप करता येत नाही. बंदराच्या देशाने कळवलं की आमच्या कोर्टाने रीतसर आदेश दिला आहे, खलाशाला घरी पोचवणं हे झेंड्याच्या देशाचं काम. मालकाचा देश म्हणाला, ती कंपनी आता अस्तित्वात नाही. ऑफिसच्या देशाने लिहिलं की इथे फक्त ऑफिस होतं. समुद्राचं आणि कामगारांचं बघणाऱ्या दोन जागतिक संघटनांनी जहाजाची नोंद घेतल्याचं कळवलं, आणि कारवाईचा अधिकार सदस्य देशांचा असल्याचंही. आपल्या दूतावासातला एक तरुण अधिकारी मात्र होडी करून दोनदा त्याला भेटून आला, लोणचं आणि गरम कपडे देऊन आला. पण तोही म्हणाला, मॅडम, तिथल्या कोर्टाच्या आदेशापुढे आमचं काही चालत नाही.

प्रत्येक उत्तरात सहानुभूती होती. मी त्यातल्या एकावर इतकी चिडले की लॅपटॉपचं झाकण आपटलं आणि बिजागरी मोडली. आजही तो पुस्तकाला टेकवून उघडा ठेवावा लागतो.

रूपरावजी दर पंधरवड्याला यायचे. एकदा त्यांना मी सगळं नीट समजावून सांगितलं. म्हटलं, काकाजी, कायदा तुमच्या बाजूचा आहे. एकाच चुकीत चार देशांचा हात असेल तर चौघंही जबाबदार असतात, प्रत्येकाला आपापला जाब द्यावा लागतो. 'माझ्यासोबत दुसराही होता' असं म्हणून कोणी सुटत नाही. संघटनांनासुद्धा हेच लागू आहे.

त्यांचा चेहरा उजळला. "मंग चौघाईचंबी नाव येते."

"येतं. कागदावर येतं."

"मंग त्याईले उभं कोन करन?"

"देशाला दुसरा देशच उभा करू शकतो. तुम्ही नाही, मी नाही."

"आपला देश करन का?"

"एका माणसासाठी देश देशाला कोर्टात खेचत नाहीत, काकाजी. फार फार क्वचित."

कोर्टाच्या आवारात त्या दिवशी बरीच गर्दी होती, कुणीतरी कुणालातरी आईवरून शिव्या देत होतं, आणि काकाजी माझ्या टेबलावरची पत्रं एकेक करून सरळ लावत होते. मला माझ्या विषयाची लाज वाटली नाही, राग आला. इतकं बरोबर लिहिलेलं आणि इतकं दुरून.

पुढच्या वेळी ते आले ते ठरवून आले होते.

"तुमच्या यादीत माहं नाव टाका."

"कोणत्या यादीत?"

"जिम्मेदाराईच्या. चार देश, कंपनी, अन् मी. सही कर म्हनून मीच सांगतलं त्याले."

"तुम्ही देश नाही, काकाजी."

"नसन. पन सांगतलं मी."

मी वैतागले. म्हटलं, असं कलम नसतं, बापाने सल्ला दिला म्हणून बाप आंतरराष्ट्रीय कायद्यात येत नाही. ते म्हणाले, "कायद्यात नसन येत, पन झालं तं माह्यानंच ना?" मी म्हटलं, नाही. त्यांनी मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. मग त्यांनी खिशातलं दुसरं पेन, दुसऱ्याला द्यायचं, माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "मंग हे ल्याहा. जहाज माह्या नावावर करा. पोराले सोडा. मी जाऊन बसतो तठी."

हे गंभीरपणे चाललं होतं. या माणसाने उभ्या आयुष्यात समुद्र पाहिलेला नव्हता. सुपूर्दनामा एकाच्या नावावरून दुसऱ्याच्या नावावर करता येतो, हे मात्र त्यांना पक्कं माहीत होतं, आणि तिथल्या कायद्यातही तसं करता येत होतं. मी अर्ज लिहिला. हसत लिहायला घेतला आणि शेवटी शेवटी हसू राहिलं नाही.

त्यांनी पासपोर्टसुद्धा काढला. चौकशीला सेलू ठाण्यातून जो शिपाई आला त्याला कित्येक वर्षं यांनीच चहा पाजलेला. तो म्हणाला, "पाटील, तुमची चौकशी मी का करू?" यांनी त्याला बसवून सगळे प्रश्न विचारायला लावले. गुन्हा दाखल आहे काय, या प्रश्नाला ते थोडं थांबले आणि मग 'नाही' म्हणाले, असं तो शिपाई पुढे मला कोर्टात भेटला तेव्हा हसत सांगत होता.

अर्ज फेटाळला गेला. ताबा घेणारा त्या देशाचा रहिवासी हवा किंवा त्याच जहाजाचा खलाशी. मुकेशला हे तिथल्या कोर्टाने त्याला नेमून दिलेल्या वकिलाकडून कळलं. त्याने बापाला फोन केला आणि म्हणाला, "असं नका करत जाऊ, बाबा." त्यानंतर काही आठवडे त्याचा फोन आला नाही. रूपरावजींनी तो अबोला शिक्षेसारखा घेतला. मला वाटतं, शिक्षा झाल्याने त्यांना थोडं बरंही वाटलं असावं. मग फोन पुन्हा सुरू झाले, आणि मुकेश पहिल्यासारखाच मऊ बोलला.

शेवटी जे घडलं त्याला आंतरराष्ट्रीय कायदा म्हणावं की नाही, मला ठाऊक नाही. त्या बंदरातल्या खलाशांच्या संघटनेचा एक म्हातारा कार्यकर्ता होता, गोदीत काम करून निवृत्त झालेला. माझ्या एका पत्राची प्रत फिरत फिरत त्याच्या हाती गेली. तो कोर्टात गेला आणि म्हणाला, जहाज माझ्या नावावर करा. तो तिथलाच. पळून जाण्याची भीती नसल्याने त्याला जहाजावर राहायचीही गरज नव्हती, घरून येऊन-जाऊन लक्ष ठेवलं तरी कोर्टाला चालणार होतं. एक सही झाली. मुकेशला पासपोर्ट मिळाला.

इतकं सोपं होतं ते. चार देशांपैकी कोणीही, कुठल्याही दिवशी, एका माणसाला एक सही करायला सांगू शकला असता. मुकेशचं तिसरं वर्ष संपत आलं होतं. बातमी कळली त्या दिवशी मला आनंद व्हायला हवा होता, पण मी ताट तसंच सारून उठले.

सेवाग्राम स्टेशनवर त्याला आणायला काकाजींसोबत मी गेले. सकाळची गाडी होती. तो उतरला तेव्हा मी दुसऱ्याच कुणाकडे बघत होते, इतका तो आटला होता. रूपरावजींनी बरोबर ओळखलं. मुकेश वाकून पाया पडला आणि उठला, आणि मग दोघंही एकमेकांसमोर नुसते उभे राहिले. फोनवर गप्प राहायची सवय झाली होती, तीच समोरासमोर आली. शेवटी मीच म्हटलं, चला, रस्त्यात नाश्ता करू.

गावात अंगण भरलं होतं. वर्षाली आष्टीहून आली होती, तिने ओवाळलं. बायका रडल्या. चहा झाल्यावर माणसं खुर्च्या सरकवून बसली आणि नत्थूजीने सगळ्यांच्या मनातलं विचारलं, "पन मुकेश, झालं कोनामुळं हे?"

मुकेश शांतपणे सांगत गेला. आवाजात राग नव्हता. बहुतेक तो तिकडेच संपवून आला होता. "मालकानं सोडून देल्लं, नत्थूजी. झेंडेवाल्याईनं पाह्यलं नाई. कोर्टाले कोनीतरी पाह्यजे होतं, त्याईनं मले धरलं. कप्तान पयाला. अन् सही मी केली. सगळ्याईचं थोडं थोडं."

रूपरावजी चहाची किटली धरून दाराशी उभे होते. चहा केव्हाच वाटून झाला होता. मी त्यांच्याकडे पाहत होते. मुकेश एकेक नाव घेत होता तसे ते थोडे थोडे पुढे येत होते, आपला नंबर येईल म्हणून. मुकेश थांबला, त्याने कप खाली ठेवला आणि कोणीतरी कापसाच्या भावावर बोलायला लागलं. रूपरावजी किटली घेऊन आत गेले.

त्यानंतर महिनाभराने, एका रविवारी दुपारी, ते बोरगाव मेघेला माझ्या घरी आले. सेलूची केळी आणली होती. मी म्हटलं, आता कोणत्या देशावर केस टाकायची? ते हसले नाहीत. मुकेश कसा आहे विचारलं तर म्हणाले, बरा आहे, बाहेर खाट टाकून झोपतो, खोलीत जीव घाबरतो त्याचा. मी एक केळं सोलून त्यांच्या हातात दिलं, ते तसंच हातात राहिलं.

"काल इचारलं मी त्याले," ते म्हणाले. "म्हनलं, बापू, माह्या सांगन्यावरून झालं ना हे? मी कर म्हनलो म्हनून तू केली ना सही? तं म्हने, नाई बाबा. तुमाले फोन लावाच्या आधीच केलती मी. तुमाले सांगासाठी फोन लावला."

मला हायसं वाटलं. खरंच वाटलं. "बघा, काकाजी," मी म्हटलं, "म्हणजे तुमचं काहीच नव्हतं. उगाच एवढी वर्षं जाळून घेतलंत."

ते माझ्याकडे बघत राहिले, मी काहीतरी फारच पोरकट बोलले असावे तसे.

"फोन चालूच होता, बाई. मी कर म्हनलो, तं म्हने, थांबा बाबा, ठेवू नका. मंग त्या कोर्टाच्या मानसासंग इंग्लिशमंदी बोलला. मंग म्हने, केली बाबा सही. मी म्हनलं, शाब्बास."

मी हातातली केळ्याची साल टेबलावर ठेवली.

"खोटं बोलला माह्या जिवासाठी," ते म्हणाले. "चार देश होते, कोनी आपलं सोताचं उचललं नाई. यानं माहंबी उचललं. आता मी का करू? त्यानं मले माफ केलं अस्तं तरी चाललं अस्तं. पन माफ कराले आधी चूक धरा लागते. तो धरतच नाई."

जबाबदारी वाटून घ्यायचे नियम मला पाठ आहेत. कोणी आपली स्वतःहून मागत असेल आणि समोरचा ती देत नसेल, तर त्याचं उत्तर मला कुठल्याच पुस्तकात दिसलेलं नाही. मी म्हटलं, "तुम्ही त्याला सांगा ना, की तुम्हाला आठवतं."

"सांगू कसं?" ते म्हणाले. "सांगतलं तं, बापाले वाचवलं एवढं एकच हाये त्याच्यापाशी, तेबी जाईन."

मग त्यांनी घड्याळाकडे पाहिलं आणि गडबडीने उठले. पोरगा घरी एकटा आहे, म्हणाले, त्याला फार वेळ एकटं ठेवायचं नाही. बसस्टॉपपर्यंत सोडायला मी गेले. ऊन फार होतं आणि सेलूची गाडी यायला वेळ होता. आम्ही दोघं सावलीला उभे राहिलो.